भावोजींच्या अंड्यातला फ्लू

माणूस जन्माला येताना देव त्याच्या पदरात थोडी अक्कल, थोडं नशीब आणि थोडी लाज टाकतो म्हणतात. आमच्या थोरल्या भावोजींच्या वेळी देवाचा हात कुठे अडकला होता कोण जाणे, अक्कल ओंजळभर पडली आणि लाज नावालाही पडली नाही. त्यांच्या वाटची ती सगळी लाज मग मला भोगावी लागली, कारण मी त्यांची धाकटी मेहुणी, आणि जव्हारच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागल्यापासून त्यांच्याच घरी राहायला. ताईला काही वाटत नसे. तिने लग्नानंतर वर्षभरातच लाजणं सोडून दिलं होतं. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची. मी मात्र बाजारातून त्यांच्याबरोबर जाताना मुद्दाम मागे रेंगाळायचे, म्हणजे कोणी विचारलंच तर हे गृहस्थ कोण ते मला ठाऊक नाही असं म्हणता यावं. पण ते भर रस्त्यात थांबून मागे वळून ओरडायचे, “अहो मेहुणीबाई, पाय उचला की! कोंबडा उन्हात तापतोय!” आणि खरंच त्यांच्या काखेत कोंबडा असायचा. दुकानदार उठून बघायचे. कोंबडाही माझ्याकडेच बघायचा.

भावोजी सरकारी कुक्कुटपालन केंद्रावर होते. गावात त्यांना कोंबडीसाहेब म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. इथे बदली होण्याआधी ते देशावर, कोंबड्यांच्या रोगाची लस जिथे तयार होते अशा एका ठिकाणी होते, आणि तिथून एक विद्या घेऊन आले होते. उबवणीच्या अंड्याला बारीक भोक पाडायचं, सुईने आत रोगाचा एक थेंब सोडायचा, भोकावर मेण लावायचं आणि अंडं पुन्हा उबेला ठेवायचं. आत पिल्लू जिवंत असतं आणि त्याच्या भोवतालच्या पाण्यात रोग वाढत राहतो. हे त्यांनी मला मी राहायला आले त्याच दिवशी जेवताना सांगितलं. मी आमटीचा भुरका मारत होते, तो तोंडातच राहिला. ताईच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव होता, म्हणून घरात अंडी असायची ती भावोजींच्या कोटाच्या खिशात. एकदा ताईला हळदीकुंकवाला पोचवायला ते आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या घरी आले. दारात बाईंच्या सासूबाई उभ्या दिसल्या म्हणून यांनी वाकून नमस्कार केला, तर खिशातलं अंडं थेट म्हातारीच्या पावलावर. त्या बिचाऱ्या आशीर्वाद द्यायला तोंड उघडतायत तोवर भावोजी म्हणतात, “आशीर्वाद मागाहून द्या आजी, आधी पाय हलवू नका! आत जीव धरला होता का ते बघू द्या!” आणि तिथेच उकिडवे बसून त्यांच्या पायाकडे टक लावून बघायला लागले. त्या घरचं हळदीकुंकू ताईला पुन्हा मिळालं नाही, आणि मी आठवडाभर शाळेत मान वर केली नाही.

पण कोंबड्यांच्या रोगावर भावोजींचं समाधान नव्हतं. माणसांचा फ्लूसुद्धा कोंबडीच्या अंड्यात वाढतो हे त्यांना कळलेलं होतं, आणि एकदा कळल्यावर तो वाढवल्यावाचून त्यांना झोप कशी लागणार? आता फ्लू आणायचा कुठून, तर माणसाच्या घशातून. ज्याला फ्लू झालाय त्याने स्वच्छ पाण्याची गुळणी करायची आणि ती भावोजींच्या बाटलीत थुंकायची. ती बाटली, रुंद तोंडाची, दोरी बांधलेली, कायम त्यांच्या खांद्याला असे. आपल्याकडे बोलता बोलता कोणी शिंकलं तर ‘सत्य आहे’ म्हणतात, भावोजी ‘थांबा!’ म्हणायचे. एसटीच्या स्टँडवर, पोस्टाच्या खिडकीशी, किराणावाल्याच्या दुकानात, कुठेही. एकदा शेजारच्या आळीत मयताला गेले होते. तिथे दुःखाने नाक ओढणारा कोण आणि सर्दीने ओढणारा कोण हे त्यांनी लांबूनच ओळखलं आणि मयताच्या थोरल्या जावयाला हळूच पडवीत नेलं. मी बायकांत बसले होते. पडवीतून गुळणीचा खळखळ आवाज आला तेव्हा रडणाऱ्या बायकासुद्धा क्षणभर थांबल्या. मी पदर इतका खाली ओढला की समोरचं दिसेना. बायकांना वाटलं, मला फार लागलं.

माझ्या लग्नाचं बघायला नाशिकची मंडळी आली तो दिवस तर मी मेल्यावरही विसरणार नाही. मुलगा, मुलाचे वडील आणि मुलाचे मामा. मामा उंबऱ्यातच शिंकले. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघींनी भावोजींकडे पाहिलं, तर माणूस जागेवर नाही! आले ते पेला आणि बाटली घेऊनच. “अंग मोडून आलंय? डोळे दुखतायत? वा, फारच छान! ही एवढी गुळणी करा, गिळू मात्र नका.” मामांचा चेहरा तांबडालाल झाला. “आम्ही मुलगी बघायला आलोय, दवाखान्यात नाही!” त्यावर भावोजी शांतपणे म्हणाले, “मुलगी कुठे जात्येय हो? फ्लू जाईल.” मी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी, जमीन दुभंगली तर बरं म्हणत. तेवढ्यात तो मुलगा उठला, त्याचाही घसा बसलेला होता, भावोजींच्या हातातला पेला घेतला, अंगणात जाऊन मुकाट्याने गुळणी केली आणि बाटली परत देत घोगऱ्या आवाजात विचारलं, “एवढी पुरे का?” पुढे, ही सगळी हकीकत होऊन गेल्यावर, त्याच माणसाशी माझं लग्न झालं. मामा लग्नाला आले नाहीत.

फ्लू असा अंड्यात नांदायला लागल्यावर भावोजींना त्याला मारायची घाई झाली. मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर कोंबड्या टोचायला ते जात, तिथल्या बायका सर्दीपडशाला निर्गुडीचा पाला उकळून वाफ घेतात, गवती चहाचा काढा पितात, ते त्यांनी पाहिलेलं होतं. “मेहुणीबाई,” मला म्हणाले, “वास येतो म्हणजे पाल्यात तेल आहे. तेल आहे म्हणजे ते काढता येतं. आणि काढलेलं तेल अंड्यात तपासता येतं. बायका बरोबर करतात की उगाच डोळे चुरचुरून घेतात, याचा निकाल लागलाच पाहिजे.” तेल काढायला त्यांनी ताईचा अंघोळीचा तांब्याचा बंब घेतला. त्यावर झाकण बसवून, वाफ थंड करायची वेटोळ्याची नळी करून घ्यायला ते बाजारातल्या एका चाचांकडे गेले. चाचांचं कल्हईचं आणि पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. त्यांनी चित्र उलटसुलट बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, “साहेब, नळी तर एकदम बराबर करून देतो. पण पोलीस आला तर आमचा नाव नका घेऊ. जव्हारात ह्या नळीतून आजतक तेल कोणी काढला नाय.” पोलीस आलाही, नळीशी नाक नेलं, खोल श्वास घेतला आणि आईच्या गुडघ्यांसाठी एक बाटली मागून नेली. घरातली माणसं मात्र तेलात मुरली. बंब एकच, त्यामुळे अंघोळीच्या पाण्याला आज निर्गुडी, उद्या गवती चहा, परवा ओवा. मी वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या मुली नाकाने खोल श्वास घेऊन आपसात ठरवायच्या, आज बाईंकडे काय उकळलं. एकदा एकीने हात वर करून विचारलं, “बाई, तुम्हाला पोटात दुखतं का?” त्या दिवशी ओव्याचा वार होता.

तपासायची रीत मला एवढी पाठ झाली होती की अजून झोपेत सांगेन. फ्लूचा थेंब तेलात मिसळून काही वेळ ठेवायचा, मग अंड्यात टोचायचा. दुसऱ्या अंड्यात बिनतेलाचा फ्लू, तुलनेसाठी. अंडी केंद्रावरच्या उबवणीत असायची, दोन-तीन दिवसांनी त्यांतलं पाणी काढून घरी काचेच्या बारक्या नळ्यांत घालायचं आणि त्यात कोंबड्याच्या पंखातून काढलेलं पातळ केलेलं रक्त टाकायचं. फ्लू जिवंत असेल तर रक्त तळाशी विसकटून पसरतं. मेला असेल तर मधोमध गोळा होऊन लाल ठिपका बसतो, थेट कुंकवाच्या टिकलीसारखा. ती टिकली बसेपर्यंत घरात कोणी पाय आपटायचा नाही, उखळात कांडायचं नाही, जोरात हसायचं नाही. ताई कपाळाला हात लावायची, “चार बायका असलेल्या घरातसुद्धा टिकलीची एवढी काळजी नसेल!” आणि एवढं करून टिकली काही बसेना. तेल पाण्यावर तरंगायचं, फ्लूला भेटायचंच नाही. भावोजी बाटली हलवून हलवून थकले. शेवटी ताईच म्हणाली, “अहो, तेल पाण्यात मिसळत नाही तर रिठ्याचं पाणी घाला की. आम्ही डोकं धुतो तेव्हा डोक्यातलं तेल कसं जातं?” भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. मग तिच्या पाया पडायला वाकले, आणि या वेळी तिने आधी त्यांचे खिसे चाचपले.

रिठ्याने तेल मिसळलं, दुधासारखं पांढरं झालं, आणि त्या खेपेला गवती चहा आणि निर्गुडीच्या नळ्यांत अशा सुबक टिकल्या बसल्या की ताईने हळद वाहिली. भावोजी तसेच निघाले ते माझ्या शाळेत आले. प्रार्थना चालू होती. शर्टावर रक्ताचे शिंतोडे, हातात नळ्या उभ्या ठेवायचं लाकडी घोडकं, आणि दारातून आरोळी, “मेला! मेहुणीबाई, मेला एकदाचा!” मोठ्या बाई भिंतीला टेकल्या. कोण मेला ते समजावून सांगेपर्यंत मुलींच्या दोन रांगा रडायला लागल्या होत्या. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हटलं, “भावोजी, तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी?” ते हसले. “मनाला आज वेळ नाही हो!”

त्याच हिवाळ्यात फ्लूची मोठी साथ आली. ठाण्या-मुंबईला बांधकामावर गेलेली माणसं तापाने फणफणत परत यायला लागली आणि पाडेच्या पाडे खोकायला लागले. वरिष्ठांना कळवायला हवं, तेल मोठ्या ठिकाणी तपासून घ्यायला हवं, हे भावोजींना कळत होतं. पण ते म्हणाले, “तेवढ्यात माणसं काय खोकत बसतील?” इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यांत त्यांनी तेल भरलं, नुसतं तेल, कारण रिठा माणसाच्या नाकाडोळ्यांत कसा घालणार, आणि एसटीने, मग पायी, सूर्यमाळपर्यंत, पोशेऱ्यापर्यंत घरोघर वाटलं. छातीला चोळा, उकळत्या पाण्यात थेंब टाकून वाफ घ्या. लोक त्यांना अंगणात घोंगडी टाकून बसवायला लागले. तालुक्याच्या एका सभेत हार घातला. हार घालणाऱ्या पुढाऱ्याला त्यांनी गुळणी करायला लावली ते सोडा, पण त्या दिवसांत मी पहिल्यांदाच बाजारातून त्यांच्या बरोबरीने चालले. चाचा दुकानातून हात करायचे, “साहेब, आपली नळी!” आणि मीही हसून मान डोलवायचे. मला वाटलं, झालं, आपले भोग संपले.

मग घरातला रिठा संपला. बाजाराला अवकाश होता, म्हणून त्या खेपेला भावोजींनी तेल नुसतंच जोरजोरात हलवून मिसळलं. संध्याकाळी नळ्या पाहिल्या तर रक्त सगळीकडे विसकटलेलं. नवा रिठा आला तेव्हा त्यांनी अंडी पुन्हा मांडली, आणि एक जास्तीचं अंडं ठेवलं, जे आधी ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यात तेलाचा थेंब नव्हता. फ्लू आणि नुसतं रिठ्याचं पाणी. निकालाच्या दिवशी मी कंदील धरला होता. तेल आणि रिठा असलेल्या नळीत टिकली. नुसत्या रिठ्याच्या नळीतही टिकली, तेवढीच सुबक. ताईला आधी कळलं आणि ती खो खो हसत सुटली, “म्हणजे माझ्या रिठ्याने मारला म्हणा की! तेल बिचारं उगाच मिरवत होतं!” मीही हसले. मग म्हटलं, “भावोजी, त्यात काय, रिठाच वाटा.” ते म्हणाले, “रिठा म्हणजे साबणच. साबणाने हात धुता येतात. छाती आतून धुता येत नाही.” आणि घोडकं खाली ठेवून मागच्या पायरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. ताईचं हसू तिथेच विरलं. तिने त्यांना चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते सूर्यमाळला निघाले. साथीमुळे शाळा बंद होती, आणि ताई म्हणाली, “यांना एकटं सोडू नकोस,” म्हणून मीही गेले. डोंगर चढून पाड्यावर पोचलो. भावोजींनी माणसं गोळा केली आणि टोपी काढून उभे राहिले. “मी दिलेलं तेल,” ते म्हणाले, “त्याने फ्लू मरत नाही. माझी चूक झाली. ताप चढला, धाप लागली तर मोखाड्याला दवाखान्यात जा.” मग एक म्हातारा म्हणाला, “वास तर येतो.” भावोजी म्हणाले, “वास येतो.” “मंग?” “वासाने मरत नाही.” म्हाताऱ्याने बाकीच्यांकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, “सरकारनं बंद केला का?” माझ्या ओठांवर हसू आलं होतं, पण भावोजींकडे पाहिलं आणि ते गेलं. गर्दीतून एक तरणी बाई पुढे आली. तिचा सासरा घरात निजून होता, छातीवर तेलाचा बोळा ठेवलेला, श्वास घरघर वाजतोय. ती म्हणाली, “साहेब, तू म्हनतो ह्या लावू नको. मंग आता काय लावू?”

भावोजी म्हणजे कुठल्याही प्रश्नाला, विचारला नसला तरी, उत्तर देणारा माणूस. या वेळी आत जाऊन त्यांनी आधी म्हाताऱ्याच्या छातीवरचा बोळा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “दवाखान्यात नेऊ.” ती म्हणाली, “माजा माणूस ठाण्याला कामाला गेला. कोन उचलील?” “मी उचलतो.” घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. पुढे भावोजी, मागे ती. थोडं चालल्यावर भावोजी दगडाला अडखळले, तशी ती म्हणाली, “साहेब, तू मागं ये, तुला उतार कळं ना.” मग ती पुढे आणि ते मागे, असे आम्ही सडकेपर्यंत उतरलो आणि एका लाकडाच्या ट्रकवाल्याला थांबवून मोखाडा गाठलं. दवाखान्यात इंजेक्शनं मिळाली, म्हातारा वाचला. परत येताना भावोजी एसटीत खिडकीशी बसले होते. पुढच्या बाकावर कोणीतरी सारखं खोकत होतं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण गंमत बघा, म्हातारा वाचल्याची बातमी डोंगरभर पसरली ती कोंबडीसाहेबाच्या तेलाने वाचला म्हणून! आता तर लोक जव्हारच्या बाजाराला आले की आमच्या दारात तेलाला उभे. भावोजी हात जोडून सांगायचे की नाही हो, त्यात काही नाही, आणि लोक एकमेकांकडे बघून हसायचे, साहेब लाजतो म्हणायचे. ती सूर्यमाळची बाईसुद्धा आली, सासऱ्याला चालता फिरता घेऊन. भावोजी कळवळून म्हणाले, “अगं बाई, तूच सांग यांना. तो इंजेक्शनने वाचला, तेलाने नाही.” तिने शांतपणे विचार केला. “इंजेक्शन दोन येळा टोचला,” ती म्हणाली, “तेल तर मी रोज चोळला.” यावर काय बोलणार, कपाळ? ताई आत तोंडात पदर कोंबून हसत होती. मला वाटलं, आता भावोजीही हसतील. पूर्वीचे भावोजी असते तर पोट धरून हसले असते आणि जाता जाता म्हाताऱ्याची गुळणी घेतली असती.

मग एके दिवशी पोशेऱ्याचा एक माणूस आला. भावोजी पोशेऱ्यालाही जाऊन चूक कबूल करून आले होते, पण गावात सांगेपर्यंत दिवस कलला, शेवटची एसटी चुकली असती, म्हणून वरच्या पाड्यावर जायचं राहिलं होतं. उद्या जाऊ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच ताप आला. हा माणूस त्या वरच्या पाड्यावरचा. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि कमरेच्या फडक्यातून तेलाची ती बारकी बाटली काढून भावोजींच्या पुढे ठेवली. तेल संपलेलं होतं. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्याने ती बाटली धुऊन तिच्यात मध भरून आणला होता. भावोजींनी विचारलं, “घरात कोणाला होतं?” तो म्हणाला, “पोर व्हती. गेली.” त्याला वाटलं असावं की साहेबाला बरं वाटेल असं काही सांगावं, म्हणून तो म्हणाला, “आमी कुटं नेली नाय. तुजा तेल व्हता ना, म्हनून थांबलो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. रामराम करून तो बाजाराला निघून गेला.

भावोजींनी ती बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. त्यांची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं मी देवाला विनवत होते, या माणसाला थोडी लाज दे, थोडी तरी दे. आणि ती आली तेव्हा मला बघवेना. मी म्हटलं, “भावोजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?” ते म्हणाले, “मुद्दाम केलं असतं तर एवढं वाटलं नसतं.” त्याच दिवशी त्यांनी साठवलेलं सगळं तेल मागच्या गटारात ओतलं. आमची सगळी आळी कितीतरी दिवस गवती चहाने दरवळत होती, येणारे जाणारे गटारापाशी थांबून छाती भरून श्वास घेत, आणि भावोजी दार लावून आत बसत. बंब त्यांनी घासून ताईला परत दिला. साथ ओसरेपर्यंत ते रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पाड्यावर जाऊन कोणी आजारी असेल त्याला दवाखान्यात पोचवत राहिले, पण त्याबद्दल घरी येऊन अवाक्षर बोलत नसत. पूर्वी एक अंडं फुटलं तरी अख्ख्या आळीला गोष्ट सांगणारा माणूस!

त्यानंतर भावोजी सुधारले, सगळे असंच म्हणाले. कोटाचे खिसे रिकामे, कोटाला इस्त्री, बोलणं मोजकं. वरिष्ठ खूश झाले, बढती मिळाली, बदल्या झाल्या. मोठ्या बाईंच्या सासूबाईंनीसुद्धा जाता जाता एकदा त्यांचा नमस्कार घेतला. चारचौघांत त्यांच्याबरोबर कुठेही जावं, मान खाली घालायची वेळ म्हणून येत नसे. कोणी शिंकलं तर ते खिशातून घडी केलेला रुमाल काढून पुढे करायचे.

माझ्या मुलीच्या लग्नाला आले तेव्हा ते निवृत्त होऊन पुष्कळ दिवस झाले होते. मांडवात पाहुण्यांच्या ओळीत नीट बसले, कोणाशी पाऊसपाण्याचं बोलले, कोणाशी पेन्शनचं. जेवणाची पंगत बसली तेव्हा माझ्या विहीणबाई मला बाजूला घेऊन कौतुकाने म्हणाल्या, “तुमचे ते भावोजी ना, किती हो सभ्य माणूस! आहेत की नाहीत तेसुद्धा कळत नाही.” मी हसून हो म्हटलं. मग मांडवामागे, भांडी घासायला बायका बसल्या होत्या तिथे गेले, आणि पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडले. बायकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून.